चेंडू तुमच्या कोर्टात, बाई

माणगावकर सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा कोल्हापुरात, शाहूपुरीच्या कडेला, कौलारू, मागं मोठं मैदान. मी तिथं विज्ञान शिकवायला लागले तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. पुढं अकरा वर्षं मी सरांच्या हाताखाली काम केलं. हाताखाली हा शब्द मी विचार करून वापरते. सरांचा हात कायम वर, सुरक्षित जागी असायचा आणि वरून जे काय पडायचं ते खालच्यांवर पडायचं.

दिसायला माणूस देखणा. उंच, गोरापान, कडक इस्त्रीचा कोट, खिशात घडीचा रुमाल. इंग्रजी उच्चार असे की तपासणीला आलेले साहेबसुद्धा आपलं इंग्रजी आवरतं घ्यायचे. आणि वाचायचे फार सुंदर. ते अकरावीला धडा वाचत असले की व्हरांड्यातून जाताना मीही घटकाभर थांबायची. एवढं एक त्यांच्या बाजूचं सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई एकतर्फी बोलतात.

ऑफिसच्या दाराशी एक लहान फळा होता. रोज सकाळी सर स्वतःच्या हातानं त्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायचे आणि खाली मराठीत अर्थ. वाक्प्रचार बहुतेक खेळांतले आणि त्यातही जबाबदारीचे. ‘प्ले विथ अ स्ट्रेट बॅट’ म्हणजे सचोटीनं वागणे. ‘ऑफ युअर ओन बॅट’ म्हणजे कुणी सांगायची वाट न पाहता स्वतःहून काम अंगावर घेणे. ‘टेक इट ऑन द चिन’ म्हणजे मुष्टियोद्ध्यासारखा हनुवटीवर ठोसा झेलणे, म्हणजेच आपल्या चुकीची शिक्षा मुकाट्यानं सोसणे. सरांचा एक लाडका सिद्धांत होता. इंग्रजांनी जबाबदारी मैदानावर शिकली म्हणून त्यांचं राज्य झालं. आपल्या भाषेत जबाबदारीला शब्दच नाहीत, आणि शब्द नाहीत तिथं गुण कुठून येणार?

एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी हे ऐकवलं तेव्हा आमचे चित्रकलेचे कवठेकर मास्तर चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “सर, आमच्या तालमीत ‘अंगावर घेणं’ म्हणत्यात की.”

“ते ग्रामीण झालं, कवठेकर,” सर म्हणाले.

हे कोल्हापुरात बोलणं म्हणजे कमाल होती. जिथं पेठेपेठेला तालीम, जिथं फुटबॉलच्या हंगामात सख्खे भाऊ एकमेकांशी धड बोलत नाहीत, तिथं हा माणूस आम्हांला खेळातून चारित्र्य कसं घडतं हे फळ्यावर लिहून शिकवत होता. स्वतः त्यानं आयुष्यात कशाला लाथ मारल्याचं किंवा काही झेलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

नाही, झेलायची पाळी एकदा आली होती. गॅदरिंगच्या आठवड्यात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा क्रिकेटचा सामना असायचा. त्या वर्षी पोरांनी आग्रह करून सरांनाच कॅप्टन केलं. पांढरी पॅंट, पांढरे बूट, सगळा थाट. अकरावीच्या एका दांडग्या पोरानं चेंडू असा उंच मारला की सगळं मैदान वर बघत राहिलं. चेंडू खाली येऊ लागला तो नेमका सरांच्या डोक्यावर. त्यांना जागचं हलायचंही काम नव्हतं, नुसती ओंजळ धरायची. सरांनी वर पाहिलं, दोन पावलं बाजूला झाले आणि खणखणीत आवाजात ओरडले, “युअर्स, कवठेकर!”

कवठेकर तीस पावलांवर होते, आणि अंगानं चांगले भरलेले. पण हेडमास्तरांचा हुकूम, धावले बिचारे. चेंडू सरांच्या पायाशी टप्पा खाऊन गेला आणि त्यामागून कवठेकर गुडघ्यावर आपटले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाक्प्रचार होता, ‘टु ड्रॉप द बॉल’. अर्थ, आपल्यावर आलेली जबाबदारी ऐनवेळी सोडून देणे. मधल्या सुट्टीत सर कवठेकरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका हं. होतं असं.” कवठेकरांच्या गुडघ्याला चिंधी बांधलेली होती. ते सरांकडं पाहत राहिले. त्या नजरेला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही.

तेव्हा आम्ही हसलो होतो. हसण्यासारखं तेवढंच होतं.

सरांची दुसरी सवय म्हणजे पेन्सिल. त्यांच्या टेबलावर चार पेन्सिली ब्लेडनं टोक काढून ओळीनं ठेवलेल्या असायच्या. कुठल्याही कागदावर ते शेरा मारायचे तो पेन्सिलीनं. ‘वर्गशिक्षकांनी पाहावे.’ ‘पालकांनी पाहावे.’ ‘संबंधितांनी पाहावे.’ सरांनी स्वतः पाहावे असं त्या शाळेत काही नव्हतंच. कागद परत करताना वर हसून म्हणायचे, “नाऊ द बॉल इज इन युअर कोर्ट.” चेंडू तुमच्या कोर्टात. टेनिसमधला वाक्प्रचार. म्हणजे आता पुढचं तुम्ही बघा.

कसबा बावड्याची इंदू नावाची मुलगी माझ्या वर्गात होती. रोज बावड्याहून चालत यायची. बाप तातोबा, थोडीशी शेती, कारखान्याला ऊस घालायचा. घरातली शिकणारी ही पहिलीच. गणितात अशी हुशार की मी फळ्यावर आकडेमोडीत चुकले तर तिच्या भुवईवरून मला कळायचं. अकरावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना निघालं की तिची जन्मतारीख गावच्या दाखल्यात एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरी. अशा चुका तेव्हा ढिगानं असायच्या. मुख्याध्यापकांनी रजिस्टरातली तारीख बरोबर आहे असं लिहून सही केली की काम संपायचं.

सरांनी सही केली नाही. “मी काय तिच्या बारशाला होतो का, साळोखेबाई?” ते मला म्हणाले. “उद्या तारीख खोटी ठरली तर? पालकांनी दाखला दुरुस्त करून आणावा.” फॉर्मवर पेन्सिलीनं ‘पालकांनी पाहावे’ लिहिलं आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. पालकांना कळवायचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. मी दोनदा आठवण केली. “आहे लक्षात,” म्हणाले. मुदत टळून गेली. बाकीचे फॉर्म पुण्याला गेले, इंदूचा ड्रॉवरमध्ये राहिला.

तातोबा आला त्या दिवशी मी ऑफिसात होते. डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला होता. सरांनी त्याला फॉर्म दाखवला, शेरा दाखवला आणि शांतपणे सांगितलं, “हे पाहा, शाळेनं आपलं काम केलंय. द बॉल इज इन युअर कोर्ट.”

सगळ्या वाक्यातला एकच शब्द तातोबाला कळला. त्याचा चेहरा उतरला.

“कोर्टात?” तो म्हणाला. “सायेब, कोर्टात कशापायी? आमचं काय चुकलं असंल तर हितंच सांगा की. पोरीचं वय म्या मुद्दाम खोटं न्हाय लावल्यालं. आईच्यान.”

सरांनी सुधारायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तो माणूस घाबरलाय हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि घाबरलेला माणूस जास्त प्रश्न विचारत नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते फक्त म्हणाले, “बघा, तुम्ही विचार करा.”

मी तातोबाच्या मागं फाटकापर्यंत धावले, समजावलं की तसं काही नाही, पुढच्या वर्षी बसता येईल. तो मान हलवत होता, पण त्याला ऐकू जात नव्हतं. “न्हाय बाई, कोर्टकचेरी आमच्या घरात कुणी बघितल्याली न्हाय,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाला. इंदू शाळेत परत आली नाही. त्याच उन्हाळ्यात निपाणीकडं कुठंतरी तिचं लग्न झालं. मी दुसऱ्या दिवशीच बावड्याला जायला हवं होतं, ती पंधरा दिवसांनी गेले. तेव्हा घरात सुपारी फुटलेली होती.

सरांना मी हे सांगितलं. ते हळहळले. खरोखर हळहळले. “सॅड,” म्हणाले. “पण बापानं असं हार मानून रिंगणात टॉवेल टाकून द्यायला नको होता.”

त्यानंतर सरांना मनातून मी ‘सर’ म्हणायचं सोडलं. तोंडानं चालूच होतं.

आता हिंदुरावविषयी सांगायला हवं, कारण त्याच्यावाचून सर पुरे होत नाहीत. हिंदुराव आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. तरुणपणी तालमीतला नामांकित पैलवान, पुढं गुडघा गेला म्हणून शाळेत चिकटला. मान रेड्यासारखी, कान चुरगळलेले, पण परीक्षानळी धुवायला घेतली की बोटं बायकांपेक्षा हलकी. ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या, त्या त्याला वाचता यायच्या नाहीत. वासावरून आणि बुचावरून ओळखायचा. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही.

प्रयोगशाळा मुख्य इमारतीच्या मागं वेगळी होती, जुन्या घोड्यांच्या पागेतून केलेली. वरच्या मधल्या तुळईला वाळवी लागली होती. सकाळी टेबलावर लाकडाचा पिवळा भुगा पडलेला असायचा. हिंदुरावनं एकदा शिडी लावून तुळईवर बोटानं ठोकलं आणि खाली उतरून म्हणाला, “बाई, आतनं पार पोकळ झालीया. ही कधीतरी कुणाचा तरी जीव घ्यायची.”

मी सरांना पत्र लिहिलं. हिंदुरावनंच ते नेऊन दिलं. दोन दिवसांनी परत आलं. शेरा पेन्सिलीचा, ‘विज्ञान विभागाने पाहावे’. विज्ञान विभाग म्हणजे मी आणि हिंदुराव. महिन्यानं दुसरं पत्र लिहिलं, तोच शेरा. हिंदुरावच्या हातून पाठवलेलं तिसरंही तोच शेरा घेऊन परत आलं, तेव्हा मी स्वतः जाऊन उभी राहिले. म्हटलं, “सर, सुतार आम्ही कुठून आणायचा? संस्थेला तुम्हीच कळवायला हवं.”

“मी कळवलं म्हणजे इमारत धोकादायक आहे हे मी मान्य केल्यासारखं होतं,” सर म्हणाले. “मग ते विचारणार, इतके दिवस काय करत होता? थोडं ऑफ युअर ओन बॅट खेळायला शिका, बाई.”

तुळई पडली ती सप्टेंबरात, दुपारी, नववीचं प्रात्यक्षिक चालू असताना. आधी वरून करकर असा आवाज आला. मी फळ्याशी होते. मला काही कळायच्या आत हिंदुराव ओरडला, “भाईर! भाईर पळा!” मुलं दाराकडं धावली. मधल्या टेबलाशी दोघं जण तिथंच खिळून राहिले होते. हिंदुरावनं एकेकाच्या कॉलरला धरून त्यांना अक्षरशः फेकलं. मग कौलं, माती, भुगा, सगळं एकदम खाली आलं. धूळ बसली तेव्हा तुळईचं एक टोक टेबलावर आणि दुसरं हिंदुरावच्या उजव्या खांद्यावर होतं. तो गुडघ्यावर बसला होता. मला म्हणाला, “पोरं मोजा बाई.”

मी मोजली. चौतीस होती. सगळी होती.

खांदा मात्र गेला. सरकारी दवाखान्यात तीन महिने काढून हिंदुराव परत आला तो उजवा हात गळ्यात अडकवून. तो हात पुन्हा कधी छातीच्या वर गेला नाही.

सर दवाखान्यात आले होते, संत्री घेऊन. खाटेजवळ उभं राहून त्यांनी त्याचं कौतुक केलं. “यू टुक इट ऑन द चिन, हिंदुराव.”

“हनुवटीला काय न्हाय झालं, सर,” हिंदुराव म्हणाला. “खांद्याला लागलंय.”

चौकशीला शिक्षण खात्याचे अधिकारी यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. आवाज अगदी मायेचा होता. “बाई, ती पत्रं तुमच्याकडं आहेत ना? फाइलला लावायला हवीत.” मी तिन्ही पत्रं आणून दिली. मला काय होणार ते कळत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. माझी नोकरी इतक्या वर्षांनंतरही कायम झालेली नव्हती, घरी सासऱ्यांचं आजारपण होतं, आणि सर समोर हात पुढं करून बसले होते. मी दिली.

अधिकारी बुटके, चष्मेवाले, फारसं न बोलणारे गृहस्थ होते. ऑफिसात सर, मी, संस्थेचे सेक्रेटरी आणि दाराशी हिंदुराव. सरांनी निवेदन वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की इमारतीच्या स्थितीबद्दल मुख्याध्यापकांना लेखी सूचना मिळालेली नव्हती. आणि सदर शिपाई कुणाचीही आज्ञा नसताना स्वतःच्या मर्जीनं तुळईखाली गेल्यामुळं जखमी झाला.

वाचून झाल्यावर सरांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग दारातून आवाज आला.

“सायेब, म्या बोलू काय?”

अधिकाऱ्यांनी मान हलवली.

“तिन्ही कागदं म्याच न्हेऊन दिली हुती. ह्याच टेबलावर.”

“हिंदुराव निरक्षर आहे,” सर हसून म्हणाले. “कुठल्या कागदात काय होतं हे त्याला कसं कळणार?”

“वाचता येत न्हाय, व्हय,” हिंदुराव म्हणाला. “पर बाई लिवताना म्या शेजारीच हुभा हुतो. सर, कुस्तीत ज्याची पाठ लागली त्यो पडला. त्यानं माती झाडावी आन् घरला जावं. आपल्या पाठीची माती दुसऱ्याच्या पाठीला फासून कुस्ती निकाली हुत न्हाय.”

अधिकारी माझ्याकडं वळले. “बाई?”

मी उभी राहिले. “तीन पत्रं लिहिली होती. काल सरांनी ती माझ्याकडून मागून घेतली.”

सर अजिबात गडबडले नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी तिन्ही पत्रं बाहेर काढली, जणू आत्ताच आठवलं. “ही का? ही मला कालच पहिल्यांदा दिसली. शिपायानं आधी माझ्यापर्यंत पोचवलीच नसावीत.”

पत्रांवर शेरा नव्हता. कोपरा स्वच्छ पांढरा, रबरानं थोडा खरखरीत झालेला. अधिकाऱ्यांनी एक पत्र उचललं, उठून खिडकीशी गेले आणि कागद उजेडात तिरका धरला. सरांना पेन्सिल दाबून लिहायची सवय होती. लिहिलेलं खोडता येतं, कागदावर उमटलेला चर खोडता येत नाही. अधिकाऱ्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, “वि-ज्ञा-न वि-भा-गा-ने पा-हा-वे.” पुढं तारीखही होती. दुसरं पत्र वाचलं. तिसरं वाचलं. चष्मा पुसला आणि म्हणाले, “अक्षर मात्र सुंदर आहे तुमचं.”

एवढं होऊन काय झालं? फार काही नाही. सेक्रेटरी सरांच्या नात्यातले निघाले. वरून एक कडक शब्दांतली ताकीद आली आणि फाइलला लागली. प्रयोगशाळा नव्यानं बांधली. हिंदुरावला फाटकावर स्टूल टाकून बसवलं आणि वर्षभरानं, कामाला अपात्र म्हणून, घरी पाठवलं. सर वय होईपर्यंत त्याच खुर्चीत राहिले. निरोपसमारंभात गळ्यात हार घालून त्यांनी सांगितलं की आपण आयुष्यभर स्ट्रेट बॅटनं खेळलो. टाळ्या पडल्या. कवठेकरांनी हात खिशात ठेवले होते. मी टाळ्या वाजवल्या, दोन-तीन.

त्यानंतर त्यांची भेट झाली ती पाच-सहा वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, राजारामपुरीतल्या बसथांब्यावर. निवृत्तीनंतर ते घरीच इंग्रजीचे क्लास घेत होते. कोट नव्हता, सदरा ढगळ झाला होता, हातात भाजीची पिशवी. मला पाहून थांबले. सकाळचं ऊन होतं. तब्येतीचं बोलणं झालं. मग म्हणाले, “हिंदुराव गेल्याचं कळलं.”

“हो. गेल्या महिन्यात.”

“तुम्ही गेला होता?”

“गेले होते.”

ते रस्त्याकडं वळले. रिक्षा जात होत्या, स्कूटरी जात होत्या. मग म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडात इंग्रजीचा एक शब्द नव्हता, “बाई, ती तिन्ही पत्रं मी नीट वाचली होती. तुळई पडणार हे मला कळत होतं. वर नजर जाईल म्हणून मी प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं बंद केलं होतं.”

इतक्या वर्षांत प्रथमच हा माणूस माझ्यासमोर उभा आहे असं मला वाटलं. इतक्या वर्षांचा तिटकारा आत कुठंतरी सैल झाला. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते.

तेवढ्यात तेच पुढं म्हणाले, “तीनदा लिहून तुम्ही थांबलात. तुम्ही चौथं लिहायला हवं होतं, बाई.”

माझी बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर सर हात हलवून मला निरोप देत होते. चेहरा प्रसन्न, ताठ, ओझं उतरलेल्या माणसाचा. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ते वळले आणि तरातरा चालू लागले.

आणि खोटं कशाला सांगू? बस शाहूपुरीत शिरेपर्यंत मी मनातल्या मनात चौथ्या पत्राचा मजकूर जुळवत होते.